उसात रुतलेला पॅटन आणि ट्रंकेतले पदक



लढाईहून घरी येणारा शिपाई काही ना काही खूण घेऊन येतो. कुणी रिकामे काडतूस आणतो, कुणी तोफगोळ्याचे पितळी टरफल, कुणी शत्रूच्या सामानातली पाण्याची बाटली, तर कुणी नुसता लोखंडाचा तुकडा. आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत अशा वस्तू पडून आहेत. आज त्यांच्याविषयी बोलायचे आहे. पण आधी अशी एक खूण सांगतो, जिचे वजन 45 टनांच्या आसपास आहे.

अहिल्यानगरला, म्हणजे आपण वर्षानुवर्षे ज्याला नगर म्हणत आलो तिथे, फराहबागेजवळ लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. 1994 साली त्या वेळचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते ते उघडले. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स रॉईसची चिलखती मोटार, दुसऱ्या महायुद्धातले जपानी आणि ब्रिटिश रणगाडे, असे पुष्कळ काही तिथे मांडलेले आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शेतकऱ्यांची सहल नेली की परतताना मी गाडी तिकडे वळवतो. मंडळी बाकीचे रणगाडे पाहत पाहत जातात आणि पॅटनपाशी थांबतात. 1965 च्या युद्धात पाकिस्तानकडून जिंकून घेतलेला हा अमेरिकन बनावटीचा रणगाडा. एकदा शिंदखेड्याकडचे एक आजोबा त्याच्या पट्ट्याला हात लावून म्हणाले, "हाई आपला वावरमा फसनं ना, तं निंघाव नही." आजोबांना इतिहास ठाऊक नव्हता. पण त्यांनी नेमके तेच सांगितले जे पंजाबात घडले होते.

सप्टेंबर 1965 मध्ये पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनने खेमकरणच्या बाजूने मुसंडी मारली. बियास नदीवरचा पूल गाठायचा आणि अमृतसर मागून तोडायचे, असा बेत होता. त्यांच्याकडे 90 मिलिमीटर तोफेचे पॅटन होते आणि त्या काळी पॅटनचा दरारा फार मोठा होता. आपल्या बाजूला मेजर जनरल गुरबक्षसिंग यांची चौथी माउंटन डिव्हिजन आणि ब्रिगेडियर थिओगराज यांची दुसरी स्वतंत्र चिलखती ब्रिगेड होती. आपले सेंच्युरियन रणगाडे चांगले होते, पण डेक्कन हॉर्स या पलटणीकडे दुसऱ्या महायुद्धातले जुने शर्मन होते. या डेक्कन हॉर्सचे कमांडर कोण होते, तर लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य. तेच पुढे 1983 साली लष्करप्रमुख झाले, आणि निवृत्तीनंतर 10 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात अतिरेक्यांच्या गोळ्यांना बळी पडले. या लढाईसाठी त्यांना महावीरचक्र मिळाले आणि 1971 च्या युद्धात ते दुसऱ्यांदा मिळाले.

आपल्या सैन्याने मागे सरून असल उत्तर नावाच्या गावाभोवती घोड्याच्या नालेच्या आकारात ठाणी घेतली. सप्टेंबरात पंजाबातला ऊस पुरुषभर उंचीच्या वर गेलेला असतो. त्या उसात रणगाडे आणि तोफा दडवल्या. मग पाटाचे पाणी शेतात सोडले. 8 ते 10 सप्टेंबर असे तीन दिवस ही लढाई चालली. पॅटन रस्ता सोडून शेतात शिरले, चिखलात त्यांचा वेग मेला, आणि उसात दडलेल्या तोफांनी त्यांना बाजूने, अगदी जवळून टिपले. चौथ्या ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने एकामागून एक रणगाडे फोडले. 10 तारखेला ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. भारतीय नोंदींप्रमाणे निकामी झालेले आणि हाती लागलेले मिळून 97 पाकिस्तानी रणगाडे त्या शिवारात राहिले. एका पाकिस्तानी रणगाडा पलटणीचे कमांडर आणि त्यांचे कित्येक सहकारी तर उसातच लपलेले सापडले आणि शरण आले. हाती आलेले रणगाडे भिखीविंडजवळ ओळीने उभे केले होते. त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले. तिथून ते देशभरच्या लष्करी केंद्रांत आणि शहरांच्या चौकांत गेले.

आता शेतकी खात्याच्या माणसाला यात एक गंमत दिसते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. रणगाड्याचे वजन वीस-बावीस ट्रॅक्टरांइतके, पण पट्टे रुंद आणि लांब. त्यामुळे एका चौरस सेंटिमीटर जमिनीवर त्याचा भार एक किलोच्या आतच येतो. चालत्या बैलाच्या खुराखाली यापेक्षा जास्त भार पडतो. मग बैल निघतो आणि रणगाडा का रुततो? बैलाचा भार वरच्या थरातच जिरतो. 45 टनांचे धूड मात्र वरच्या थरासकट खालचा थर दाबते. ओल्या मातीच्या कणांमध्ये पाणी भरले की कणांची एकमेकांवरची पकड सुटते. चालकाने जोर लावला की पट्टे जागच्या जागी फिरतात आणि स्वतःच स्वतःसाठी खड्डा खणतात. पोट जमिनीला टेकले की संपले. मग पट्टे नुसते फिरत राहतात. तुमचा भरलेला ट्रेलर पाणी दिलेल्या केळीच्या बागेत असाच बसतो. थोडक्यात, पाकिस्तानी रणगाडे वाफसा नसताना रानात शिरले. चिखलानेच लढाई जिंकली असे मात्र कुणी समजू नये. उसात दम धरून, शत्रू टप्प्यात येईपर्यंत गोळी न झाडणारी माणसे होती, म्हणून चिखल कामाला आला.

पण संग्रहालयात पॅटनपाशी उभे राहिले की माझ्या मनात दुसराच प्रश्न येतो. तो ऊस कुणाचा होता?

तोडणीला दोन-तीन महिने राहिलेले उभे पीक. त्यात आधी आपल्याच सैन्याने पाणी सोडले, मग दोन्ही बाजूंचे रणगाडे फिरले, तोफगोळे पडले, इंधन सांडले. गावे आधीच रिकामी झालेली. आणि खेमकरण हे गाव तर ही लढाई जिंकूनही पाकिस्तानच्याच ताब्यात राहिले. 10 जानेवारी 1966 च्या ताश्कंद करारानंतरच ते परत मिळाले. म्हणजे तिथल्या शेतकऱ्याचा खरीप गेला आणि रब्बीची पेरणीही हुकली. शिवाय रणगाड्याखाली दबलेली जमीन खालच्या थरापर्यंत घट्ट होते, ती नांगराच्या एका पाळीने सुटत नाही. सेनापतींची नावे पुस्तकांत आहेत. त्या वेळचे आपले संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी युद्धाच्या दिवसांत रोजनिशी लिहिली होती. ती त्यांचे सचिव राम प्रधान यांनी 2007 साली पुस्तकरूपाने बाहेर आणली. रणगाडा नगरला उभा आहे. ज्याच्या वावरात तो सापडला त्या शेतकऱ्याची गोष्ट मात्र रणगाड्याबरोबर आली नाही. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी 'जय जवान, जय किसान' म्हटले, त्यातल्या जवानाची खूण जपली गेली आणि किसानाची शेतातच राहिली, असे माझे मत आहे.

आणि हेच आपल्या घरातही चालले आहे. म्हणून आता ट्रंक खाली काढा.

ट्रंकेत पदक असेल तर त्याची पट्टी आणि कड नीट पाहा. 1965 च्या युद्धातल्या लोकांना समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल दिले गेले. समर सेवा स्टार प्रत्यक्ष रणक्षेत्रात असणाऱ्याला मिळाला. 1971 साली पूर्वेकडच्या आघाडीवर होते त्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडे होते त्यांना पश्चिमी स्टार, आणि त्याखेरीज संग्राम मेडल. तेव्हा आजोबा बांगलादेशाच्या बाजूला होते की पंजाब-राजस्थानच्या, हे नुसत्या पदकावरून कळू शकते. पणजोबांच्या वेळचे, पाचव्या जॉर्ज बादशहाच्या मुखवट्याचे आणि 1914 ते 1918 साल घातलेले पदक असेल तर ते पहिल्या महायुद्धाचे. हे पदक शिपायांना चांदीचे मिळे. खेचरे हाकणारे, ओझी वाहणारे, रस्ते खणणारे जे हिंदी लोक सैन्याबरोबर गेले त्यांना तेच पदक काशाचे मिळे. चांदीची किती पदके सोनाराच्या मुशीत गेली याची गणती नाही. काशाचे म्हणून हलके समजून टाकू नका. ते एखाद्या शेतकऱ्याच्याच पोराचे असण्याचा संभव जास्त.

गोल पदकाच्या कडेवर बारीक अक्षरे ठोकलेली असतात. सकाळच्या तिरप्या उन्हात भिंगाखाली धरा. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बहुधा तिथे सापडते. स्टार असेल तर मागची बाजू पाहा. हा नंबर म्हणजे किल्ली आहे. डिस्चार्ज बुक हरवले असले तरी नंबर आणि पलटण हाती असली की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, जुनी माणसे ज्याला सोल्जर बोर्ड म्हणतात तिथे, पुढची वाट विचारता येते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे आणि महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला.

आणि म्हणूनच एक विनंती माय-बहिणींना विशेष. पदक चिंच, राख किंवा भांड्यांच्या पावडरीने घासू नका. चकाकी येते आणि कडेवरचे नाव झिजून जाते. दसऱ्याला पूजेत ठेवायचे तर हळद-कुंकू डबीवर वाहा, पदकावर नको. कोरड्या सुती फडक्याने पुसले की पुष्कळ झाले.

आणखी एक धोका आमच्याच खात्याच्या सल्ल्यातून निघालेला आहे. धान्यात ठेवतात त्या विषारी गोळ्या काही लोक कसर लागू नये म्हणून ट्रंकेत टाकतात. असे कदापि करू नका. त्या गोळीतून निघणारा वायू माणसाला मारतो, आणि तांबे-पितळेला काळे करून खातोही. निंबाचा पाला पूर्ण वाळवून, फडक्यात बांधून ठेवा. ओला पाला बुरशी आणतो. ट्रंक भिंतीला चिकटवून ठेवू नये, चार विटांवर ठेवावी, म्हणजे वाळवीची माती चढताना दिसते. पावसाळा संपला की एकदा उघडून सावलीत हवा द्यावी. कागद उन्हात टाकू नयेत. फाटलेल्या पत्राला चिकटपट्टी लावू नये, की प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करून घेऊ नये. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळावे. आपल्याकडे जुनी दप्तरे रुमालात बांधत, ती रीत आजही चांगली आहे.

दप्तरांवरून आपल्या धुळ्याची आठवण येते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून अशी दप्तरे शोधत हिंडले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या मालेचा पहिला खंड 1898 साली निघाला. त्यात 1750 पासून पानिपतापर्यंतची, म्हणजे 1761 पर्यंतची पत्रे आहेत. लोकांच्या घरी ती पत्रे वाण्याच्या पुडीत आणि वाळवीच्या पोटात जायच्या आत त्यांच्या हाती आली, म्हणून पानिपतावर गेलेल्या माणसांचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. घरात जुने लष्करी कागद, मोडीतली पत्रे असतील आणि काय करावे कळत नसेल, तर मंडळात नेऊन दाखवा, सल्ला घ्या. कागद देऊनच टाकले पाहिजेत असे नाही. वाचून घेणे आणि नक्कल करून ठेवणे, एवढ्यानेही मोठे काम होते.

एका बाबतीत मात्र जपण्याचा मोह नको. न फुटलेला गोळा, भरलेले काडतूस, कसला ते न कळणारा लोखंडी तुकडा घरात ठेवू नका आणि ठोकून तर मुळीच पाहू नका. नगरजवळच्या लष्करी सराव-मैदानाच्या आसपास गोळ्यांचे भंगार वेचताना आणि फोडताना माणसे मेलेली आहेत. नांगरताना असे काही निघाले तर औत तिथेच सोडा, जागेवर खूण करा आणि पोलीस पाटलाला कळवा. आपल्या वरणगावच्या कारखान्यात 1964 पासून काडतुसे बनत आली आहेत. तिथे काम केलेला कुणीही माणूस तुम्हाला हेच सांगेल.

आता राहिली ट्रंकेत नसलेली गोष्ट. पारोळा तालुक्यातल्या एका घरी मी हिरव्या रंगाची लोखंडी पेटी पाहिली. लढाईत काडतुसे ठेवायची पेटी, झाकणाला रबराची पट्टी. घरच्या आजी तीत भुईमुगाचे बियाणे ठेवतात. हवा-ओल आत जात नाही, बियाणे उत्तम राहते. अधिकारी म्हणून मी त्या पेटीला पैकीच्या पैकी गुण देईन. पेटी आजोबांनी आणलेली. ते आता नाहीत. मुलाला वडिलांची पलटण, आघाडी, सगळे पाठ होते. पण वडील सीमेवर असताना घरचे औत कुणी हाकले, हे त्याला सांगता येईना. आजी म्हणाल्या, "मलाच कुणी विचारले नाही." मग त्या तासभर बोलल्या. भावकीने बांध कोरला तो, बैल मेला ते साल, मनीऑर्डर उशिरा आली तेव्हा दुकानदाराने उधार दिले ते, आणि 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेल्या ते. पतीच्या छातीवर पदक होते त्याच्या पुढल्याच वर्षी त्या खडीच्या ढिगावर बसल्या होत्या. मुलगा खाली मान घालून ऐकत होता.

1965 च्या लढाईत वीस-बावीस वर्षांचे असलेले जवान आज ऐंशी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या घरधनिणींचेही तेच. पॅटनचे ठीक आहे, तो पत्र्याखाली अजून शंभर वर्षे उभा राहील. आजीला तेवढी सवड नाही.

तेव्हा येत्या आखाजीला लेकी माहेरी येतील, झोके बांधले जातील, घर भरलेले असेल, तेव्हा एक दुपार काढा. लिहिता येणाऱ्या नातवाला किंवा नातीला वही घेऊन बसवा. आजोबांना विचारा की ही वस्तू कुठे सापडली, कुणी दिली, त्या वेळी बरोबर कोण होते, ते परत आले का. आजीला विचारा की त्या वर्षी वावरात काय पेरले होते, पेरणी कुणी केली, पत्र कोण वाचून दाखवायचे, गावात तार आली की काय वाटायचे. मोठमोठे प्रश्न विचारू नका. बैलांची नावे विचारा, त्यातून बाकीचे आपोआप निघते. सांगताना त्या थांबल्या तर थांबू द्या. एखादी गोष्ट लिहू नको म्हणाल्या तर लिहू नका.

लिहिलेल्या कागदावर सांगणाऱ्याचे नाव, लिहिणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख घाला. साध्या शिसपेन्सिलीने लिहिलेले बरे. ओल लागली तरी शाईसारखे पसरत नाही. एक प्रत ट्रंकेत पदकाशेजारी ठेवा आणि दुसरी लेकीबरोबर तिच्या सासरी पाठवा.